न मागता दिलेली क्लिप

सर आणि सिस्टर ही जोडी अख्ख्या हॉस्पिटलात नावाजलेली. ऑपरेशन मेंदूचं, पण सरांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. त्यांनी नुसता हात पुढे करायचा आणि सिस्टरने नेमकं हवं ते हत्यार तळव्यावर टेकवायचं. सतरा वर्षांत एकदाही चूक नाही. बघायला आलेले तोंडात बोटं घालायचे आणि सिस्टरच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्या सकाळी टेबलावर थिएटरचे गाऊन शिवणारे शिंपीकाका होते. मेंदूतल्या डावीकडच्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. तो फुटायच्या आत त्याच्या मुळाशी क्लिप बसवायची होती. "उजवा हात तेवढा सांभाळा," काका आदल्या दिवशी म्हणाले होते, "बायको मला चालवून घेईल, मशीन नाही घेणार."

सर फुग्याजवळ पोचले आणि तो फुटला. मायक्रोस्कोपच्या पडद्यावर नुसतं लाल. सरांनी रक्त ओढणारी सक्शनची नळी भोकावर धरली, दुसरा हात पुढे केला. सिस्टरने तात्पुरती क्लिप दिली. मागून येणारं रक्त अडलं. सरांनी फुगा सावकाश मोकळा केला, कायमची क्लिप बसवली, तात्पुरती काढली. रक्त थांबलं. सिस्टरचा जीव भांड्यात पडला.

"किती मिनिटं झाली?" सरांनी विचारलं.

"कशाची?" टेबलाच्या पायाकडे रक्ताची पिशवी लावत असलेल्या भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

तात्पुरती क्लिप असेपर्यंत मेंदूचा तो भाग उपाशी राहतो, फार वेळ झाला तर मरतो. म्हणून "क्लिप लागली" असं दोघांपैकी एकाने मोठ्याने सांगायचं आणि बाईंनी घड्याळ लावायचं, हा साधा नियम. या दोघांना मेलं न बोलण्याचं कौतुक!

सिस्टरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटं असतील, पंचवीसही असतील. कुणालाच सांगता येईना.

दुपारी काका शुद्धीवर आले. "उजवा हात उचला," सर म्हणाले. काकांनी डाव्या हाताने उजवा उचलून धरला आणि बरोबर केलं ना, म्हणून सिस्टरकडे पाहिलं.

सिस्टर एकटीच बाहेर गेली. काकांची बायको बाकावरून उठली.

"वहिनी, ते वाचले," सिस्टर म्हणाली. "हात गेला. क्लिप मी दिली, आणि बोलले नाही."

"काय बोलायचं होतं?" वहिनींनी विचारलं.

"दोन शब्द," सिस्टर म्हणाली, आणि बाकावर बसली.