देलिमाची पहिली ओळ

देलिमाचं हृदय थकलं होतं, मूत्रपिंडं कुरकुरत होती, साखर कुणाचं ऐकत नव्हती. डोकं मात्र अजून सुरीसारखं चालत होतं. सुनेला, शेलीला, नेमकं तेच खुपत असावं.

रोज सकाळी देलिमा वजनकाट्यावर उभी राही, दंडाला पट्टा बांधी, बोट टोचून घेई. आकडे आपोआप टॅबवर जात आणि तिथून डॉक्टर, औषधवाला, नर्स ओदिल अशा सगळ्यांना दिसत. त्याच टॅबमध्ये सगळ्यांची मिळून एक वही होती, घरच्यांनीही तिच्यात लिहायचं. बारीक अक्षरं दिसत नसल्यामुळे देलिमा कधी त्या वाटेला गेली नाही. सोमवारी ओदिलचा फोन आला.

"मावशी, स्वयंपाकघरात दोनदा पडलात आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"कोण मेलं पडलंय?"

ओदिलने नोंदी वाचून दाखवल्या. शेवटची रविवारची होती: 'आईंनी मला ओळखलंच नाही. त्यांना एकटं ठेवणं आता धोक्याचं आहे.' प्रत्येक नोंदीखाली नाव शेलीचं. देलिमाला वृद्धाश्रमात हलवायचं का, हे ठरवायला गुरुवारी बैठक होती.

देलिमाच्या अंगाची लाही लाही झाली. नवरा याच घरातून शेवटचा समुद्रावर गेला होता, आणि ही हॅलिफॅक्स शहरातून आलेली बया तिला इथून उचलून टाकणार! पुढचे तीन दिवस तिने एकही गोळी चुकवली नाही. सूड उगवायचा तर गुरुवारपर्यंत धडधाकट राहणं भाग होतं.

गुरुवारी डॉक्टर, औषधवाला आणि ओदिल पडद्यावर जमले. मुलगा गिल्बेर आणि शेली देलिमाच्याच सोफ्यावर तोंडं पाडून बसले.

"ओदिल, मी पडले तर मनगटावरचं हे घड्याळ तुला कळवतं ना? किती वेळा कळवलं?"

"एकदाही नाही, मावशी."

"काढून ठेवलं असेल त्यांनी," शेली म्हणाली.

"मग त्यात माझी नाडीही थांबलेली दिसेल. थांबली का गं?"

"नाही."

"बरं. रविवारी काय होतं, गिल्बेर?"

"मिकारेम, आई," म्हणत गिल्बेर चपापला.

ईस्टरआधीच्या उपासांच्या मध्यावर गावातली माणसं मुखवटे घालून घरोघर जातात आणि घरच्यांनी त्यांना ओळखायचं असतं. म्हाताऱ्यांनी मात्र ओळखूनही मुद्दाम वेळ लावायचा, नाहीतर सोंग घेणाऱ्याचा हिरमोड होतो. शेटिकॅम्प गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेलीला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

"दुपारी एक डुकराचा मुखवटा आला," देलिमा म्हणाली. "मी आपली कौतुकानं म्हणाले, कोण बाई ही, ओळखूच येत नाही! म्हातारी फसली असं समजून डुक्कर मागच्या खोलीत गेलं आणि टेप काढून मापं घ्यायला लागलं. माझ्या घराची मापं घेणारी सून मी शंभर मुखवट्यांतून ओळखीन."

शेलीचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टर खाकरले आणि म्हणाले, वृद्धाश्रमाचा विषय संपला. देलिमाचा संपला नव्हता.

"ओदिल, वहीत कोणी लिहायचं ते मी ठरवते ना? हिचं नाव काढ. आणि पहिल्या पानावर तू मला विचारतेस तो प्रश्न आहे, तुम्हाला सर्वांत महत्त्वाचं काय वाटतं? दोन वर्षं कोरा ठेवलाय मी. लिही, हे घर शेलीच्या हाती पडू नये."

"मावशी, अहो, ती ओळ सगळे वाचतात. रुग्णवाहिकेतली माणसंसुद्धा. दर तीन महिन्यांनी होणारी बैठक तीच मोठ्यानं वाचून सुरू होते."

"म्हणून तर." ओदिलने ओळ लिहून टाकली.

"आई, पुरे ना आता," गिल्बेर पुटपुटला.

"हिनं लिहिलेलं तू वाचलं होतंस?"

गिल्बेरने मान खाली घातली. देलिमाने टॅब त्याच्या मांडीवर ठेवला.

"मग हेही वाच. आणि दर तीन महिन्यांनी येऊन वाचायचंस."

गिल्बेरने ती ओळ वाचली. आवाज नीट फुटला नाही, म्हणून तिने त्याला पुन्हा वाचायला लावली.