केराक्काच्या डोणीतला परका नर

पैज लावतो, ह्यातलं एक अक्षर तुम्हाला पटायचं नाही. अंगठ्याएवढा एक मासा माझ्या मांडीवर बसून सातशे मैल रेल्वेनं होटगीला आला, वाटेत तिकीट तपासनिसानं त्याला हटकलं, आणि गुंतकलच्या उन्हात त्यानं माझ्याकडं बघून जीभ बाहेर काढली. नाही ना पटत? वाटलंच मला. मी हे इतक्यांदा सांगितलंय की आता तोंड आपलं आपण चालतं आणि मी बाजूला टेकून विसावा घेतो.

मी महिपती. होटगी टेशनात तीस वर्षं सांधेवाला होतो. गाडी यायची झाली की लोखंडी दांडा ओढून रूळ फिरवायचे, गाडी गेली की परत ढकलायचे. ह्यापलीकडं माझ्या जन्मात काही घडलेलं नाही. नोकरी सुटली, पण उजवा खांदा अजून झोपेत दांडा ओढतो.

टेशनाच्या मागं केराक्काचं घर. धनगराची केराबाई, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणतो. नवरा सिद्धाप्पा गेला, कळप पोरांनी अक्कलकोटाकडं नेला. मेंढरांना पाणी पाजायच्या तीन दगडी डोणी तेवढ्या जड म्हणून जागच्या जागी राहिल्या. केराक्काही राहिली.

त्या डोणींत मासे आले ते असे. मद्रासकडचा एक गार्ड बदली होऊन जाताना पितळी घागरीत सहा मासे टेशनात ठेवून गेला. आमच्या खाडीतले आहेत, मचूळ पाण्यातले, पण गोड्यातही जगतात, असं म्हणाला. कुणी घेईना. केराक्कानं घागर उचलली. "डास लई झाल्यात," एवढंच बोलली आणि गेली.

हळदीच्या रंगाचे मासे, कुशीवर एक काळा ठिपका. दगडावर अंडी घालतात, नर-मादी दोघं आळीपाळीनं परांनी वारा घालतात, आणि पिल्लं फुटली की मेंढरं वळावीत तशी ती वळतात. पिल्लं आईबापाच्या अंगाला लुचतात. दूध नसतं, कातडीवरचा बुळबुळीत चिकटा खातात. हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि गंमत बघा, माझ्या सगळ्या गोष्टीत लोक मला खोटारडा म्हणतात ते नेमकं इथं.

दोन-तीन वर्षांत डोणी भरल्या. मी म्हटलं, "अक्का, सगळ्यात पिवळा, सगळ्यात दांडगा असा एक नर ठेव. बाकीचे दे सोडून."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी मेंढराची लोकर शेपटाकडनं मोजतोय.

"एकाच एडक्याची कोकरं समद्या कळपात झाली की काय हुतं, ठावं हाय? पयल्या वर्सी लोकं वा म्हनत्यात. चौथ्या वर्सी कोकरं पायावर हुबी ऱ्हात न्हाईत."

मग तिनं आपल्या रीतीनं सुरू केलं. प्रत्येक जोडप्याची दोन-दोनच पिल्लं ठेवायची, मग ती देखणी असोत की किडकिडीत. दर वर्षी पहिल्या डोणीतले नर दुसरीत, दुसरीतले तिसरीत, तिसरीतले पहिलीत. माद्या आपल्या जागी. "भाऊ भनीच्या डोणीत ऱ्हायाचा न्हाय, झालं." मेंढरं गेली, पण धनगरकी तिच्या हातातनं गेली नव्हती.

तरी सातव्या वर्षी पहिलं वाकडं पिल्लू निघालं. मग एकाच्या कल्ल्यावर झाकणच नाही. मग अंडी दुसऱ्या दिवशी पांढरी पडून कापसासारखी फुलायला लागली. केराक्का डोणीच्या काठावर बसून म्हणाली, "फिरवून फिरवून किती फिरवू? समदी त्या सहाचीच की. परका नर पायजे, महिपती. आमी दोन-तीन वर्सानी दुसऱ्याच्या कळपातनं एडका आनतो, आपला त्यास्नी देतो. मासं मी कुनाच्या कळपातनं आनू? तुज्याकडं रेल्वेचा पास हाय. तू जा."

आणि मी गेलो. त्याला आठ वर्षं झाली. काय काय झालं ते ह्या चैत्रात बाळासो मास्तरला जसं सांगितलं तसंच तुम्हाला सांगतो.

बाळासो मास्तर सोलापूरच्या एका शाळेत शास्त्र शिकवतो आणि घरी काचेच्या पेट्यांत मासे पाळतो. होटगीत एका म्हातारीच्या डोणींत तेच मासे आहेत असं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं. ऐन दुपारी आला. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली बरणी होती, ती त्यानं छपराच्या सावलीत ठेवली. केराक्का डोणीचं पाणी बदलत होती. तांब्यानं जुनं काढायचं, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं हळूहळू घालायचं. दिवसाआड तीस तांबे. हल्ली दहा झाले की ती बसते, गुडघे चोळते आणि पुन्हा उठते. त्या दिवशी तीन डोणींत मिळून मासे होते अकरा.

"आजी, ह्यांच्यात बाहेरचा नर शेवटचा कधी घातलात?" मास्तरनं विचारलं.

प्रश्न तिला होता. उत्तर मी दिलं. मला वाटलं, हा मासे मागायला आलाय. साधे डोणीतले म्हणून नेण्यापेक्षा मलबारच्या वाणाचे म्हणून नेईल, केराक्काचा मान राहील.

"आठ वर्सामागं, मास्तर. मी सोता आनला. पार मलबारातनं."

केराक्काचा तांब्या पाण्यावर थांबला. मग बुडाला.

"मलबार?" मास्तर खाली उकिडवाच बसला. "एकटे गेलात?"

"तर! वाडी जंक्शनात उतरलो. पुढची गाडी यायला उशीर हुता. फलाटावर कडुलिंबाखाली एक बाक हाय. अकरा दिस सलग रातपाळी करून निगाल्यालो, म्हनलं अंमळ पाठ टेकू. काय सांगू मास्तर, त्या बाकाची फळी मधी जरा खोल हाय, पाठीचा कना तिच्यात बरूबर बसतो. गाडी येती, गाडी जाती. कुटंतरी कुनीतरी सांधा ओढतंय. आपून न्हाय ओढत. असली झोप मला लगीन झाल्यावर बी लागली न्हाय."

हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो. दर वेळी येतो.

"मग?"

"मग काय, उठलो. रायचूर, गुंतकल, आन् पुढं नारळच नारळ. खाडीवर गेलो तर मासं रांग लावून हुबं. म्हनलं, होटगीला कोन येनार? समद्यांनी पाठ फिरवली. एकच पुढं आला."

"त्याला होटगी ठावं नसंल," केराक्का डोणीत बघतच म्हणाली.

मास्तर हसला. मला बळ आलं.

"त्याला तांब्यात घेतला, तांब्या मांडीवर. तिकीट तपासनीस आला. म्हनतो, ह्याचं तिकीट? म्हनलं, सायब, ल्हान हाय. त्यानं वाकून बघितलं आन् म्हनला, ल्हान कसला, बायको बघाय निगालाय की ह्यो! गुंतकलला ऊन असं, की तांब्याला हात लावला तर चटका. माशानं माज्याकडं बघून जीभ बाहीर काडली. मी धोतराचा सोगा भिजवून त्याला वारा घातला. पानी हिंदकळाय लागलं तवा डायव्हरला निरोप धाडला. त्या भल्या मानसानं गाडी इतकी हळू हाकली, की लोकं पुढच्या डब्यातनं उतरायची, रानातल्या शेंगा उपटायची आन् खात खात मागच्या डब्यात चढायची."

"आणि इथं आल्यावर?"

"हितं काय, जावई आल्यागत झालं. दुसऱ्याच दिवशी तीनी डोणींत अंडी."

मास्तर डोणीत वाकला. कडेला एक मासा पोहत होता. पाठ कोयत्यासारखी वळलेली. पोहणं कसलं, रेटत होता स्वतःला.

"हा असा का मग?"

"डोण चौकोनी हाय न्हवं. कोपऱ्यावर वळून वळून पाठ तशीच बसली."

ह्या वेळी मास्तर हसला नाही. त्यानं चष्मा काढून पुसला.

"महिपतराव, थट्टा राहू द्या. नर खरोखर बाहेरचा होता का? मी तेवढंच विचारायला आलोय." त्यानं गोणपाट बाजूला केलं. बरणीत दोन मासे, मध्ये जाळीचा पडदा. "माझ्या मेहुण्यानं मलबारातनं पाच नर आणले, दोन जगले. एक मी ठेवणार. दुसरा कुणाला द्यायचा ते ठरवायचंय. सोलापुरात एका डॉक्टरांच्या बागेतल्या हौदात हेच मासे आहेत, एकाच जोडीची प्रजा, तीही खुरटत चाललीय. इथली अवस्था त्यांच्यासारखीच असेल तर नर आजींना द्यायचा असं मी येताना ठरवलं होतं. आजींनी एवढा वाण सांभाळलाय. पण तुमच्यात आठ वर्षांमागं बाहेरचं रक्त आलं असेल, तर डॉक्टरांची गरज मोठी. पुन्हा असा नर कधी मिळेल, सांगता येत नाही."

इथं मी थांबायला हवं होतं, हे मलाही कळतं. तीस वर्षं मी दुसरं केलं काय? गाडी चुकीच्या रुळावर जाताना दिसली की दांडा ओढायचा. एक झटका पुरे असतो. पण ती गाडी आठ वर्षं त्याच रुळावरनं धावत होती, टेशनातल्या प्रत्येक माणसानं ती पाहिली होती, आणि माझा खांदा काही केल्या हलेना. मी केराक्काकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिची नजर बरणीवर होती.

मी तोंड उघडलं. म्हटलं, आता खरं बाहेर पडेल. पडलं ते असं:

"परका म्हंजी? अवो, पयले दोन दिस तो हितल्या मासळीसंगं मल्याळीत बोलत हुता! तिला कळंना, त्याला उमजंना. शेवटी केराक्कानं मधी पडून जुळवून दिलं."

मास्तर मोठ्यानं हसला. हसणं कसलं, सुटला तो. दोघांतल्या एकाला नाही म्हणायचं काम माझ्या गोष्टीनं हलकं केलं होतं.

"मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "आजी, रागावू नका हं. तुमचा वाण बरा सावरलाय. पुढच्या खेपेला काही मिळालं तर तुमच्यासाठी नक्की बघतो."

त्यानं गोणपाट डोणीत बुचकळलं, पिळलं, बरणीला गुंडाळलं. गुंडाळताना दोन्ही मासे काचेशी आले. अंगानं सरळ, कल्ले झाकलेले, पिवळे असे की केराक्काच्या डोणीतले अकराही शेजारी रंग धुऊन निघाल्यासारखे दिसावेत. मला वाटलं तो आता जाईल, सोलापूरची गाडी गाठेल, आणि मी घरी जाऊन आडवा होईन. खरं सांगतो, त्या क्षणी मला आडवं होण्यापलीकडं काही नको होतं.

मास्तरनं बरणी काखेत घेतली, चपला घातल्या.

केराक्कानं तांब्या काठावर ठेवला. एक हात डोणीवर, एक गुडघ्यावर असं करत उठली. उठायला तिला वेळ लागला.

"बरणी ठिवा खाली, मास्तर," ती म्हणाली. "ह्यो लबाड बोलतोय. वाडीच्या पुढं गेलाच न्हाय ह्यो. त्या बाकावर दोन दिस झोपला आन् माघारी आला. जो नर आनून दिला तो टेशनाच्या पान्याच्या टाकीतला हुता, आन् त्या टाकीत त्ये मासं मीच ह्या डोणीतलं नेऊन सोडल्यालं. माजं जनावर मला वळखू येत न्हाय व्हय रं, महिपती? बघताक्षनी वळखलं मी त्याला. दमल्यालं मानूस झोपलं, म्हनून आठ वर्सं गप ऱ्हायले. आता अकराच हायती. आता गप ऱ्हाऊन भागायचं न्हाय."