आई गेल्यावर

श्रेयाच्या तर्जनीवर चिकटपट्टी होती आणि ती म्हणत होती, कर्कटक लागलं. अंबिकानं लेकीची पट्टी उचलून पाहिली. इतकी वर्षं परळच्या इस्पितळात सिस्टर म्हणून काढल्यावर कर्कटकाची टोच कुठली आणि विळीचा काप कुठला, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"खरं सांग."

"खरंच सांगतेय," श्रेया म्हणाली, पण तिची नजर पप्पांकडे गेली. हितेंद्र टीव्हीकडे बघत होता. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती.

नायगावच्या बीडीडी चाळीतली त्यांची खोली ती केवढी! त्यात चौघांनी राहायचं म्हणजे कुणाचं काही लपत नाही, असं अंबिका आजवर समजत होती. पण हल्ली ड्युटीवरून परत आली की गॅसचा रेग्युलेटर बंद केलेला असायचा. घरात तिच्याशिवाय त्याला कुणी हातही लावत नसे. मोरीतली बादली तिनं ठेवलेल्या जागी नसायची. हितेंद्रच्या शर्टाला फोडणीचा वास यायचा, आणि हा माणूस लग्न झाल्यापासून पाणीसुद्धा हातानं घेऊन प्यायला नव्हता. एकदा तर चौथीतला सम्यक शेजारच्या काकूंना अगदी सहज सांगून गेला, की अँटॉप हिलला आत्याकडे जायचं तर कुठली बस पकडायची आणि कुठे उतरायचं.

"तुला रे कुणी सांगितलं?" अंबिकानं विचारलं.

"असंच."

ती आत आली की तिघंही गप्प होत. तिला आधी राग आला, मग भीती वाटायला लागली.

एका संध्याकाळी हितेंद्र अजून कामावरून आला नव्हता. तिनं सम्यकला जवळ घेतलं, केसांतून हात फिरवला. "पप्पा तुम्हाला काहीतरी शिकवतायत ना? मला सांग. मी नाही ओरडणार."

सम्यक शर्टाचं बटण पिरगाळत राहिला. "आई गेल्यावर सगळं आपल्याला करायला लागणार, म्हणून," तो पुटपुटला आणि लगेच जीभ चावली. "पप्पा बोलले, आईला सांगायचं नाय."

आई गेल्यावर. अंबिकाचा हात त्याच्या डोक्यावर तसाच राहिला.

मागच्या महिन्यात तिच्या गळ्याशी छोटी गाठ आली होती. तपासणी झाली, साधी गाठ निघाली. रिपोर्ट तिनं स्वतः वाचला होता. पण डॉक्टरांशी बोलायला हितेंद्र एकटाच गेला होता, कारण तिची ड्युटी होती. आता तिला आठवलं, तो परत आला तेव्हा फार बोलला नव्हता. की तो एरवीही फार बोलत नाही? आरशापुढे उभी राहून तिनं पुन्हा पुन्हा गळा चाचपला. दुसऱ्याच्या अंगावरच्या गाठी ती बोटांनी ओळखायची, स्वतःची मात्र कळेना.

पुढच्याच दिवशी जिन्यात तिला हितेंद्रचा आवाज ऐकू आला. तो खालच्या वळणावर फोनवर हळू बोलत होता. "तिला अजून काय माहीत नाही, कॅरिसा सिस्टर. पोरं तयार होऊ देत. मग मीच सांगतो."

कॅरिसा तिच्याच, लहान मुलांच्या वॉर्डातली, शेजारी उभी राहून सलाइन लावणारी. अंबिकाच्या मनात एक नवीनच शंका शिरली. गाठीपेक्षा ती जास्त टोचली.

"तू हल्ली आमच्या ह्यांच्याशी बोलतेस?" तिनं वॉर्डात सरळच विचारलं.

कॅरिसानं औषधांच्या ट्रेमधून मान वर केली नाही. "भोईवाड्याच्या बसस्टॉपवर भेटले होते एकदा. का गं?"

"काही नाही."

रविवारी तिची सकाळची ड्युटी होती. तिनं वॉर्डातल्या एका सिस्टरला गळ घालून अर्धा दिवस बदलून घेतला आणि दुपारच्या आत चाळीत पोचली. बोळात तिनं चपला काढून हातात घेतल्या. दार अर्धवट उघडं होतं.

आत श्रेया विळीवर भेंडी चिरत होती, बोटं नीट आत घेऊन. सम्यक मोरीत उकिडवा बसून पान्यानं नळ आवळत होता. हितेंद्र नुसतं बनियन घालून चपाती लाटत होता. चपाती काही केल्या गोल होत नव्हती. "गॅस लावायच्या आधी काय करायचं?" तो विचारत होता. "वास बघायचा!" दोघं एकदम म्हणाली.

अंबिकानं दार ढकललं. तिघं जागच्या जागी थिजली.

"मी मरणार आहे का?" तिनं विचारलं. "डॉक्टर काय म्हणाले ते मला सांगा. आणि कॅरिसा मध्येच कशाला, तेही सांगा."

हितेंद्रच्या हातातलं लाटणं गळून पडलं. "मरणार? अगो, काय बोलतेस? गाठीचं काय नाही, तूच वाचलंस ना!"

"मग आई गेल्यावर म्हणजे काय?"

"चेन्नईला गेल्यावर." त्यानं कपाळावरचं पीठ पुसलं, ते आणखी पसरलं. "तुला नवजात बाळांच्या आयसीयूचं ट्रेनिंग आलं होतं ना? सहा महिन्यांचं. घर कोण बघणार म्हणून तू मेट्रनना नकार देऊन आलीस. मला बोललीसुद्धा नाहीस. कॅरिसा सिस्टरनी सांगितलं. म्हटलं, आधी आम्हाला जमतंय का बघू, नाहीतर तू विश्वास ठेवणार नाहीस."

अंबिका उंबऱ्यातच खाली बसली. जीव भांड्यात पडला, आणि लगेच राग उसळला. "मला न विचारता? गेले कित्येक दिवस मी काय काय डोक्यात घेऊन फिरतेय!"

"तू तरी मला कुठे विचारलंस?"

श्रेया विळी आडवी करून आईजवळ आली. ती आईकडे तशीच रोखून बघत होती, जशी त्या दिवशी आई तिच्या बोटाकडे बघत होती. "आई, खरं सांग. तुला आमच्यामुळे जायचं नव्हतं, की तुलाच जायचं नव्हतं?"

घर अडेल हे खरंच होतं. पण मेट्रननी नाव वाचलं तेव्हा ती एक पाऊल मागे सरकली होती, तेही खरंच होतं. चाळिशीत पुन्हा वर्गात बसायचं, इंग्रजीत परीक्षा द्यायची, विशीतल्या पोरींसमोर चुकायचं. घराचं नाव पुढे केलं की कुणी पुढे विचारत नाही.

"मला भीती वाटली," ती म्हणाली. "कधी एकटी राहिलेच नाही ना मी."

"मग शीक," सम्यक मोरीतून म्हणाला. "आम्ही शिकलो की."

सोमवारी ती मेट्रनसमोर उभी राहिली. ती जागा भरली होती. जानेवारीच्या तुकडीत नाव घालू का, असं मेट्रननी विचारलं, आणि अंबिकानं विचार बदलायच्या आत हो म्हटलं. कॅरिसाची माफी मागितली, तर ती इतकी हसली की वॉर्डातलं एक बाळ दचकून जागं झालं.

मधले महिने अंबिकाला जड गेले. भात चिकट व्हायचा, कपडे अर्धवट पिळले जायचे, आणि तिनं हात न लावता बसायचं ठरलं होतं. ती खाटेवर हात मांडीखाली दाबून बसायची.

चेन्नईला पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी तिनं हॉस्टेलच्या जिन्यात उभं राहून घरी फोन लावला. सम्यकनं उचलला.

"जेवलात का रे? सगळं ठीक आहे ना?"

"आई, नंतर कर. डाळ खाली लागतेय."

फोन कट झाला. अंबिका बंद फोनकडे बघत राहिली. पोरं खरंच बरी आहेत, की बापानं पुन्हा काही लपवायला सांगितलंय? तिनं पुन्हा नंबर काढला, अंगठा वर धरला. मग फोन पर्समध्ये टाकला आणि जेवणघर कुठे आहे ते विचारायला खाली उतरली.