जास्तीचा कापूस

"झाकण बसत नाहीये!" नवरा ओरडला. "किती कोंबतेस हा कापूस? ही तिसरी पेटी उसवायला लागतेय."

"टोचेल ना आत," ती म्हणाली.

"कुणाला टोचेल?"

ती चिडली. कात्री आपटली आणि पाठ फिरवून बसली.

शवपेट्यांचा हा छोटा कारखाना दोघांचा. लाकूडकाम त्याचं, अस्तर हिचं. खाली कापसाचा थर, वर पांढरं साटीन, डोक्याशी उशी. तिचा हात असा बसलेला की झाकण टप्पकन लागायचं. पण तिच्या हृदयाची झडप अरुंद झालीय, छाती उघडावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले आणि तेव्हापासून पेट्या फुगायला लागल्या. लेकीनं ऑपरेशनची तारीख दोनदा घेतली, हिनं दोन्ही वेळा मोडली. तपासणीला गेली तेव्हा दारातून दिसलेलं ऑपरेशनचं टेबल तिनं डोळ्यांनीच मापून ठेवलं होतं. लांबी-रुंदी थेट आपल्या पेटीची.

भीती तिनं कुणालाच दाखवली नाही. राग मात्र सगळ्यांना वाटला, अगदी सढळ हातानं. चर्चमधल्या प्रार्थनेच्या बायका आल्या, ओळीनं खुर्च्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "विश्वास ठेवणाऱ्याला मरणाचं भय कसलं? प्रभूच्या घरी जाणं म्हणजे माहेरी जाणं."

"मग तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली, "मी येतेच मागून."

बायका चहा न घेताच उठल्या. लेकीनं तेव्हापासून अबोला धरला. गोळ्या तेवढ्या आणून समोर ठेवायची.

त्या दुपारी नणंद काठी टेकत कारखान्यात आली. नवऱ्याची थोरली बहीण. पोटाच्या दुखण्यानं काडी झालेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. स्वतःची पेटी स्वतः सांगून करून घेतली होती तिनं. भाऊ तिच्या फळ्यांना रंधा मारताना रडला, तर "लाकूड भिजवू नकोस" म्हणून त्यालाच झापलं.

रिकाम्या पेटीत कुणी पाय ठेवायचा नाही, हा कारखान्याचा दंडक. माप पट्टीनं घ्यायचं. नणंदेनं चपला काढल्या आणि सरळ आत जाऊन आडवी झाली.

"वन्सं! बाहेर या आधी!"

"का? शिवलेला ब्लाऊज घालून बघतोच ना आपण?" नणंदेचं नाक काठाच्या वर आलं होतं. "अगं, मी पेटीत आहे का पेटीवर? काढ हा कापूस."

"असू दे. मऊ बरं."

"कशाला मऊ? मुक्काम ठोकायला चाललेय का मी? प्रभूनं हाक मारली की मला उठायचंय. गादीत रुतले तर उठताना हात द्यायला तू येणार आहेस?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. "मिरवा! तुम्हाला भीती वाटत नाही म्हणून मिरवा! त्या बायकांतल्याच तुम्ही!"

नणंद पेटीतच उठून बसली. डोळे लाल. "कोण म्हणतं वाटत नाही? हातपाय गार पडतात माझे. काल स्वयंपाकघरात बसून शिव्या घातल्या मी त्याला."

"कुणाला?"

"प्रभूला. दुसरं कोण ऐकून घेतंय? म्हटलं, पोट फाटतंय माझं आणि तुझी माणसं येऊन गोडगोड बोलतात. मरणाच्या आदल्या रात्री तुला बागेत घाम फुटला होता ना? हा दुःखाचा पेला नको म्हणालास ना? मित्राच्या थडग्यापाशी उभा राहिलास तेव्हा तू तरी हसलास का? रडलास, संतापलास. मग मीच का गप्प बसू?"

"मग काय म्हणाला?"

"काही नाही. आकाशवाणी बिकाशवाणी नाही झाली. पण भांडता भांडता कळलं, हा माझ्याच बाजूचा आहे. या मेल्या मरणाचा त्यालाही रागच. माहेर कसलं डोंबलाचं! वैरी आहे मरण. पण त्याच्या घरात शिरून, दार मोडून, हा तिसऱ्या दिवशी बाहेर आलाय. आता वैरी नुसता गुरगुरतो. भीती वाटली तर वाटू दे, वहिनी. पण त्या वैऱ्यासाठी गाद्या घालू नकोस!"

नवऱ्यानं हातातला रंधा खाली ठेवला. त्यानं बहिणीला उतरवून घेतलं.

तिनं कात्री उचलली, टाके उसवले आणि मूठमूठ कापूस ओढून जमिनीवर फेकू लागली. टोचेल कुणाला, ते आता तिला पुरतं कळलं होतं. ओठांतल्या ओठांत ती भांडत होती. "ऐकतोयस ना? छाती फोडणार आहेत माझी. घाबरलेय मी, अर्धमेली झालेय. तू आत जाऊन आलायस, तुला वाट माहितीय. मग चल माझ्याबरोबर. नुसता वरून बघत बसू नकोस!" इतक्या महिन्यांत प्रार्थना म्हणून ती जे पुटपुटली होती, त्यात एवढा जीव कधीच नव्हता. बेताचा थर तेवढा ठेवला. साटीन ताणून पुन्हा टाके घातले.

झाकण टप्पकन बसलं.

गोळ्या घेऊन दारात आलेल्या लेकीला ती म्हणाली, "बघतेस काय? तारीख घे. पुन्हा मोडली तर मला याच पेटीत घालून ने."

"ही माझी आहे," नणंद म्हणाली. "तुझी तू शीव. घाई नाही."

पुढल्याच आठवड्यात नणंद गेली. कबरीपाशी कुणीतरी हळूच म्हणालं, "माहेरी गेली हो." ती गर्रकन वळली. "वैऱ्याच्या दारात गेलीय. पण दार मोडकं आहे त्याचं, आणि मोडणारा तिच्यासोबत आहे. बोलायचं तर नीट बोला!" आणि मग ती हमसून हमसून रडली. नणंदेसाठी. स्वतःसाठी नाही.

ऑपरेशनच्या सकाळी तिला टेबलावर घेतलं. वर दिवे, आजूबाजूला हिरवे कपडे. छाती धडधडत होती, ती धडधडणारच. पण पळून जावंसं वाटलं नाही. नर्सनं मानेखाली उशी सारली. "आणखी एक देऊ, मावशी? मऊ वाटेल."

"नको गं बाई," ती जरा खेकसूनच म्हणाली, "मला उठायचंय."