चिकटलेलं धिरडं

डोकं उशीवरून उचलता येईल तेवढं उचलून पार्वताबाईंनी कान स्वयंपाकघराकडे लावला. तव्यावर उलथनं खरखरलं. मग थांबलं.

"चिकटलं वं," महादेवराव तिकडून म्हणाले. "आता काय करू?"

"आच कमी करा. अन् कडेनं तेल सोडा."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पार्वताबाईंचं उजवं अंग गेलं, त्याला पाच महिने झाले होते. बोलणं तेवढं शाबूत राहिलं. अकोल्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर खाटेपासून अकरा पावलांवर होतं आणि ती अकरा पावलं आता त्यांची नव्हती. दिसायचा तो बंद कूलर, आणि खिडकीच्या गजांमधून शेजारच्या इमारतीची भिंत.

बिडाचा तवा मात्र रोज तापत होता. परतवाड्याच्या बाजारातून पार्वताबाईंनीच तो आणलेला, एका हातानं उचलवत नाही असा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या महादेवरावांनी जन्मात कधी चहा केला नव्हता. त्या तव्यावर ते आंबाडीची भाकरी शिकले, झुणका शिकले, मिरच्या भाजून तिथंच वाटीनं ठेचा रगडायला शिकले. पीठ किती, पाणी किती, एकेक गोष्ट दारात येऊन विचारत.

मग एका सकाळी त्यांनी सगळं न विचारता केलं. दहापासून एकपर्यंत दारात कोणी आलं नाही. पार्वताबाई पंख्याकडे बघत पडून राहिल्या. एकदा हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्वारीचं धिरडं सांगितलं आणि एक गोष्ट गिळून टाकली. अर्धा कांदा तेलात बुडवून तापल्या तव्यावर फिरवायचा, ती. तेव्हापासून दोन दिवसांआड धिरडं होई, ते चिकटे, आणि महादेवराव हाक मारत. पार्वताबाईंच्या ताटात तरीही धड, गोल धिरडं यायचं.

"करपलेलं मी खाल्लं तिकडंच," ते म्हणत.

त्या दुपारी समोरच्या फ्लॅटमधली रागिणी झाकलेली ताटली घेऊन आली. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तिचं.

"काकू, धिरडं आणलं. पाहा, जाळी कशी पडली."

"बिडाच्या तव्यावर?"

"हो ना. माझं तं रोजच चिकटे. परवा काकाजींनी येऊन दाखवलं. अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला, अन् कागदावानी निघालं." ती हसली. "मी म्हटलं, तुमाले कसं ठाऊक? तं म्हने, चाळीस वर्सं हिच्या मागं उभं राहून पाह्यलं."

पार्वताबाईंनी डाव्या हातानं चादरीची कड मुठीत धरली.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी पुन्हा पीठ भिजलं. तव्यावर चुर्र झालं. पार्वताबाईंनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं उलथनं सरकलं, अगदी अलगद, आणि धिरडं पालथं पडल्याचा मऊ आवाज आला. मग ताटली वाजली. आणि त्यानंतर, रिकाम्या तव्यावर, उलथनं दोनदा खरखरलं.

"चिकटलं वं."

पार्वताबाईंनी डोळे उघडले.

"आइकलं का? आता काय करू?"

"अजी," पार्वताबाई म्हणाल्या, "एक कांदा घ्या. अर्धा कापा. तेलात बुडवा अन् तव्यावर फिरवा. हे मी तुमाले सांगतलंच नव्हतं."

गॅस बंद झाल्याचा आवाज आला. महादेवराव हात पुसत आले, खाटेच्या कडेला बसले आणि समोरच्या कूलरकडे पाहत राहिले.

"मंग उद्या मी तुले काय विचारू?"

पार्वताबाईंनी बराच विचार केला.

"रोडग्याचं विचारा. गोवऱ्यांच्या आरात भाजतात ते."

"ते तव्यावर होतात?"

"नाही होत," त्या म्हणाल्या. "म्हनूनच."