देब्रे बरहानचा रांजण

अत्सेदेने बांगडी काढून कोनाड्यात ठेवली, बाही वर सरकवली आणि कडू पाल्याचा बोळा मुठीत घेऊन हात खांद्यापर्यंत रांजणात घातला. रांजण अंगणात आडवा पाडून तिने दोन्ही गुडघ्यांत धरला होता. आतून खरखर आवाज येत होता. हिरवट फेसाचं पाणी वाहत जाऊन झाडाच्या मुळाशी साचत होतं.

"तळ पुरे झाला आता. गळा घास," ओट्यावर मसूर निवडत बसलेल्या शेजारच्या झेनेबेच मावशी म्हणाल्या. "सगळा आंबटपणा गळ्यालाच चिकटून बसतो."

"तीनदा घासलाय मावशी."

"मग चौथ्यांदा घास. तुझ्या वयाची असताना मी रांजणात डोकं घालून घासायचे. एकदा अडकलं होतं. नवऱ्याने तेल ओतून काढलं."

अत्सेदेला हसू आलं, पण हात थांबला नाही. सखल मुलखातल्या दिरे दावात गिनबोतचा, म्हणजे भर उन्हाळ्याचा महिना आला की सकाळीच पत्रे तापायचे. रेल्वेच्या चाळीतल्या बायका स्वयंपाक पहाटे उरकायच्या आणि दुपारी दारं लावून जमिनीवर पडून राहायच्या. अशा दिवसांत घरी तल्ला घालायचा म्हणजे दैवाची परीक्षा. जवाची ती गार, धुरकट, किंचित कडू बीअर डोंगरावरच्या गावांत आपोआप जमून यायची. इथे तिला हवा लागली की ती आंबायची.

आणि या महिन्याच्या सणाला पाळी तिची होती. मरियमच्या नावाने चालणाऱ्या मंडळातल्या बायका दर महिन्याच्या सणाला एकीच्या घरी जमत. पाव कापायचा, पाद्रीबाबांनी आशीर्वाद द्यायचा आणि मग संध्याकाळपर्यंत तल्ला. गेल्या वर्षी अत्सेदेच्या घरचा तल्ला आंबला होता. कुणी काही बोललं नव्हतं. "छान आहे हं," म्हणत सगळ्यांनी ओठ ओले केले होते. निघताना एकीने आपला पेला हळूच जास्वंदीच्या मुळाशी रिता केलेला अत्सेदेने पाहिला. तिची पाठ वळलेली होती, तरी अत्सेदेलाच मान खाली घालावीशी वाटली.

यंदा तर आई येणार होती. लग्नानंतर पहिल्यांदा. डोंगरावरच्या देब्रे बरहानहून बसने राजधानीला, तिथून आगगाडीने. बरोबर त्याच सणाला.

म्हणून तिने महिनाभर आधीच तयारी धरली होती. पहिला घाणा आंबला, तेव्हा झेनेबेच मावशींनी घरभर फिरून नाकाने तपास केला आणि इंजेराच्या, म्हणजे आंबवलेल्या धिरड्यांच्या, पिठाच्या पिंपापाशी थांबल्या. "हे काय? दोन्ही एकाच खोलीत? अगं, पिठाचं आंबवण उडतं. एकाचं दुसऱ्याला लागतं." पिठाचं पिंप त्याच दिवशी मावशींच्या घरी गेलं. दुसऱ्या वेळी अत्सेदेने पाणी उकळून निववलं, गाळायचं फडकं उकळलं, चिलटं शिरू नयेत म्हणून तोंडाला दुहेरी कापड बांधलं, रांजणाभोवती ओलं गोणपाट गुंडाळून दर थोड्या वेळाने त्यावर पाणी शिंपडलं. कापड सोडलं तर आत पांढरी साय आणि नाकात झणझणणारा वास.

तेफेराने, तिच्या नवऱ्याने, एक घोट घेऊन डोळे मिटले होते.

"वाईट नाहीये," तो म्हणाला. "कझीरा पेठेतल्या ग्रीक दुकानदाराला देऊ. व्हिनेगर म्हणून सॅलडवर ओतेल."

"जा तुम्ही कामावर."

"खरंच सांगतो. वर्कशॉपमध्येही चालेल, गंज काढायला."

ती रागावली. तल्ला झाडाखाली ओतायला त्यानेच रांजण उचलला. तिच्या माहेरचा हा रांजण त्याच्या ओळखीचा होता. लग्नानंतर तिला इकडे आणताना त्याने तो आगगाडीत गुडघ्यांमध्ये धरून आणला होता, सबंध प्रवास पाय लांब न करता. "बायकोपेक्षा रांजणाला जास्त जपतोय," असं डब्यातले लोक म्हणाले होते. ती तेव्हा गवतात गुंडाळलेल्या त्या रांजणावर हात ठेवून रडत होती.

घासून झाल्यावर अत्सेदेने रांजण उन्हात उपडा घातला. वाळल्यावर रानजैतुनाच्या लाकडाच्या ढलप्या निखाऱ्यांवर टाकून त्यावर त्याचं तोंड धरलं. निळसर धूर आत कोंडला, कडेने झिरपायला लागला. हा वास आला की तिला नेहमी तीच सकाळ दिसायची. बाहेर गवतावर दहिवर गोठलेलं, आईच्या तोंडातून वाफ येतेय, चुलीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात हा रांजण, आणि त्याच्या मागे लपलेली ती स्वतः. सणाच्या दिवशी मोठी माणसं तिला आपल्या पेल्यातला एक घोट देत. इतका गार की दात शिवशिवत. मग जिभेवर धूर आणि मागून भाजक्या जवाचा गोडवा. पुढे तिने पुष्कळ घरांचा तल्ला प्यायला. तसा कुठेच नव्हता.

"पोरी," झेनेबेच मावशी ओट्यावरून उतरल्या. एवढा वेळ त्या धुराकडे नाही, रांजणाकडे बघत होत्या. "एक सांगू? रागावू नकोस."

"सांगा ना."

"माझं छोटं मडकं आणते. तेच पाणी, तेच जव, तोच पाला. अर्धं तुझ्या रांजणात, अर्धं माझ्या मडक्यात. शेजारी शेजारी ठेवू."

अत्सेदेने वर पाहिलं नाही. "रांजणात काही नाही मावशी. आईचा आहे तो. थंडीत तल्ला चांगला होतो की त्यात."

"थंडीत सगळंच चांगलं होतं."

धूर डोळ्यांत गेल्यासारखं करून अत्सेदेने डोळे पुसले. पण संध्याकाळी मडकं आलं तेव्हा तिने ते नाकारलं नाही. दोन्हीत गेशोचा कडू पाला भिजला. मग मोड आणून वाळवलेल्या जवाचं पीठ पडलं, करपवून भाजलेल्या भाकरीचे तुकडे पडले. दोघींनी हात कोपरापर्यंत धुतले. तोंडं बांधली आणि कापडाच्या कडा चिखलाने लिंपल्या. पुढचे दिवस अत्सेदे दोन्हींवर सारखंच पाणी शिंपडत होती. नाही म्हणायला रांजणाला थोडं जास्तच.

सोडायच्या दिवशी मावशी मुद्दाम उशिरा आल्या. तोवर अत्सेदेने दोन्ही उघडली होती. मडक्यातला तल्ला तपकिरी, स्वच्छ, वर बारीक फेस. रांजणातल्या तल्ल्यावर पांढरी साय धरली होती.

मावशींनी रांजणाच्या आत हात घालून गळ्याखाली बोटं फिरवली आणि एका जागी थांबवली. "इथे बघ. केसासारखी चीर आहे. बाहेर आलेली नाही. घासणी पोचत नाही, धूर पोचत नाही. इथेच बसतं ते जुनं आंबवण, उन्हाची वाट बघत."

अत्सेदेनेही बोट फिरवलं. चीर लागली. हात आतच ठेवून तिने विचारलं,

"भट्टीत परत भाजला तर?"

"फुटेल गं."

त्या दिवशी दुपारभर मावशी चाळीत दारोदार फिरल्या. कुणाचं मडकं, कुणाची घागर, कुणाचा कानतुटका घडा. सगळ्यांना पाल्याने घासलं, धूर दिला, आणि सणाचा तल्ला पाचसहा घरांच्या भांड्यांत मुरायला लागला. रांजण धुऊन पुसून अत्सेदेने घरातल्या कोपऱ्यात ठेवला आणि त्यावर सणाची पांढरी चादर घातली. आई विचारेल तेव्हा काय सांगायचं, ते तिला सुचत नव्हतं.

अत्सेदेची आई अस्काले सणाच्या आदल्या दिवशी स्टेशनवर उतरली ती लोकरीची जाड शाल पांघरूनच.

"आई, काढ ती. भाजशील."

"काढते. गाडीत चोरीला जाईल म्हणून अंगावर ठेवली," आई म्हणाली आणि तेफेराकडे बघून, "केवढा वाळलास रे! इथे माणसं काय खातात की नुसता घामच गाळतात?"

सण चांगला झाला. पाद्रीबाबांनी दोनदा पेला पुढे केला. जास्वंदीपाशी कुणी गेलं नाही. झेनेबेच मावशी प्रत्येकीच्या कानाशी लागून, "हा माझ्या मडक्यातला," असं सांगत होत्या. तो कुठल्याही मडक्यातला असला तरी. अत्सेदे वाढत होती आणि मधूनमधून आईकडे बघत होती. आई हळूहळू घोट घेत होती आणि अनोळखी बायकांच्या गप्पांना मान डोलावत होती.

बायका पांगल्यावर उन्हं उतरली. मायलेकी अंगणात बसल्या. घरातून आलेल्या झुळकीने कोपऱ्यातली चादर थोडी सरकली आणि आईने मान वळवली.

"तो आमचा रांजण ना?"

अत्सेदेने हातातलं फडकं खाली ठेवलं. "आई, आजचा तल्ला त्यातला नव्हता. त्याला आत चीर गेलीय. इथल्या उन्हात सगळं आंबतं त्यात. मी खूप जपलं गं, पण..."

"चीर होतीच त्याला."

"म्हणजे?"

"माझ्या सासूचा तो. तिच्या हातूनच उतरवताना आपटला होता. मी त्यात घोड्यांचे जव ठेवायचे." आईने शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तल्ला घालायचा तो मागच्या खोलीतला. बुटका, काळा. तू तिकडे फिरकायची नाहीस, उंदरांना भ्यायचीस."

अत्सेदेला मागची खोली आठवत होती. तो बुटका रांजण आठवेना.

"मग मला हा का दिलास?"

आईने पेला दोन्ही हातांत धरला. चाळीच्या टोकाला कुणीतरी नळावर बादली ठेवली, पाण्याची धार लागली.

"तुझे वडील म्हणाले, पोर रिकाम्या हाताने जायला नको. मी बुटकाच काढला होता बाहेर. गवतात गुंडाळला, दोरी बांधली. पहाटे उठून परत सोडला आणि त्या जागी हा बांधला." ती थांबली. "तू तर जातच होतीस, बाळा. तो तरी माझ्यापाशी राहू दे, म्हटलं."

 अत्सेदेने शेजारची घागर उचलली आणि आईच्या पेल्यावर कलती केली. आईने पेल्यावर तळवा ठेवला, पुरे म्हणून. अत्सेदेने घागर मागे घेतली नाही. तशीच जड, कलती धरून, आई हात काढेपर्यंत ती वाट बघत राहिली.