उम्म-सिद्रचा पेला

क्षमा देणाऱ्याच्या अधीन असते. मागणाऱ्याने ती मान खाली घालून मागावी, आणि मध्यस्थाने दोघांमध्ये समईएवढीच जागा व्यापावी. परस्परांचे मुख दिसेल एवढा उजेड द्यावा आणि आपण मुकाट जळत राहावे. मध्यस्थालाच आपले मुख दाखवण्याची हौस उपजली, की उजेड भलतीकडे वळतो आणि क्षमा अंधारात चाचपडत राहते. उम्म-सिद्र गावी शाहेरच्या हातून नेमके हेच घडले. त्याचा हेतू शुद्ध होता. परंतु शुद्ध हेतूनेच माणूस अधिक धिटाईने चुकतो, हेही तितकेच खरे.

शाहेर हा करकच्या शाळेतला जुना शिक्षक. शाळेतली नोकरी सुटल्यापासून तो परदेशी वृत्तवाहिन्यांचा वाटाड्या आणि दुभाष्या झाला होता. त्याची धाकटी बहीण फिद्दा उम्म-सिद्रला दिली होती. सात महिन्यांपूर्वी तिचा दीर खलफ एका लग्नघरी पाण्याचा टँकर मागे घेत असता त्याचा बालमित्र सत्ताम चाकाखाली सापडला आणि जागच्या जागी गेला. दोघे मिळून त्या लग्नाचे पाणी भरत होते. रूढीप्रमाणे सूर्य मावळण्यापूर्वी खलफच्या भाऊबंदांनी गाव सोडले. फिद्दाचे कुटुंब तेव्हापासून झरका शहरात दोन खोल्यांत राहत होते. तिची सासू ऐंशीची. रोज सकाळी ती विचारी, "अंजिराला पाणी घातलंस का गं?" आणि फिद्दा रोज सकाळी खोटे बोले, "घातलं, आई."

मृताच्या घरच्यांनी दिलेल्या अभयाची मुदत दोनदा वाढली होती आणि आज सूर्यास्ताला ती संपत होती. त्याआधी समेट झाला तर फिद्दा घरी परतणार होती. न झाला तर म्हातारीचे डोळे झरक्यातच मिटणार, हे शाहेर जाणून होता. समेटासाठी वजनदार मध्यस्थ हवा. असे गृहस्थ त्या मुलुखात एकच, निवृत्त सेनाधिकारी दैफल्ला पाशा. आणि त्यांना गुडघेदुखी होती. दोनदा निरोप गेला, दोनदा गुडघा दुखला. तिसऱ्या वेळी शाहेरने स्वतः जाऊन सहज कानावर घातले की, या प्रसंगी परदेशी वाहिनीचे कॅमेरे येणार आहेत. पाशांचा गुडघा तत्काळ बरा झाला. शाहेर आपल्या चातुर्यावर प्रसन्न होऊन परतला, आणि मग खरोखरच वाहिनीला बोलवायला निघाला.

वाहिनीला बोलवावे लागले नाही; ती टपूनच बसली होती. सत्ताम गेला त्याच दिवशी, खलफचे भाऊबंद गाव सोडत असता, दोन्हीकडच्या पोरांनी हवेत गोळ्या झाडल्या होत्या. कोणीतरी त्याचे चित्रण केले आणि ते समुद्रापार गेले. तेथे वाहिनीच्या एका काचेच्या खोलीत एक पंडित होते. या प्रदेशाचा त्यांचा व्यासंग मोठा. अम्मानच्या एका हॉटेलात त्यांनी नऊ दिवस काढले होते, त्यांतले दोन पोट बिघडल्याने खोलीतच. उंटावरचा शहाणा म्हणावे, तर उंटाशीही त्यांचा परिचय नव्हता. त्यांनी असा शोध लावला की, टँकर ज्या देशात तयार झाला त्या देशाचा एका घराण्याला पाठिंबा आहे. आणि दुसऱ्या घराण्याचे चुलते सीमेपलीकडे मेंढ्या चारतात, त्याअर्थी पलीकडच्या सत्तेचा हात उघड आहे. नकाशावर तांबडे आणि हिरवे बाण उमटले. टँकरमध्ये पाणी होते. ते प्रथम 'द्रव पदार्थ' झाले आणि बुधवारपर्यंत 'संशयास्पद द्रव पदार्थ' झाले. दोन राजधान्यांनी आपला काही संबंध नसल्याचे इतक्या आवेशाने सांगितले, की ज्यांना संशय नव्हता त्यांनाही तो आला.

वाहिनीचा वार्ताहर लोरिमर मनाने वाईट नव्हता. त्याने खिशाखिशांचे जाकीट घातले होते. बहुतेक खिसे रिकामे होते. येताना वाटेत शाहेरने त्याला प्रांजळपणे सांगितले की, हा अपघात आहे, मेलेला आणि मारणारा मित्र होते, आणि माझी बहीण त्या घरात आहे. लोरिमरने सगळे लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, "म्हणजे तांबड्या बाजूची?"

फिद्दाच्या बंद घरावरून गाडी गेली तेव्हा शाहेरने कुंपणाआड पाहिले. अंजीर हिरवागार होता, आणि त्याच्या आळ्यातली माती ओली होती. या उन्हाळ्यात ती ओली कशी, याचे त्याला नवल वाटले. पण तेवढ्यात लोरिमरने सूर्य किती वाजता मावळतो ते विचारले आणि विचार तुटला.

मृताचे वडील हाज मुतलक यांनी आपल्या दारापुढे लांब काळा तंबू उभारला होता. दीडएकशे पुरुष ओळीने बसले होते. मन्सफच्या कढया मागे रटरटत होत्या, दह्यात शिजणाऱ्या मटणाचा वास सर्वांच्या गांभीर्याची परीक्षा पाहत होता. पाशा सोनेरी काठाच्या झग्यात सर्वांपुढे बसले. ते उजवीकडून अधिक देखणे दिसतात, असे त्यांनी कॅमेरावाल्याला आधीच सुचवून ठेवले होते.

वेलदोड्याची कडू कॉफी आली. तेथल्या मुलांनाही ठाऊक असते की, मध्यस्थांचा प्रमुख तो पेला हातात घेतो आणि ओठांना न लावता जमिनीवर ठेवतो. तो सांगतो की आमचे मागणे पुरे झाल्याशिवाय आम्ही ही कॉफी पिणार नाही. यजमान मागणे ऐकतो, मृताला आठवतो, थोडा रडतो, थोडा रागावतो, आणि शेवटी म्हणतो, "प्या आपली कॉफी." त्या तीन शब्दांत सगळे येते. मागणे मांडण्यापूर्वीच प्यायलात, तर तुम्ही मागायला आलाच नव्हता. केवळ पाहुणे होता.

पाशांनी पेला जमिनीवर ठेवला आणि भाषण आरंभले. ते आपल्या सैनिकी कारकिर्दीपासून निघाले होते आणि पाऊण तास झाला तरी अपघातापर्यंत पोहोचले नव्हते. सावल्या लांबल्या. लोरिमरच्या आणि दुभाष्या म्हणून शाहेरच्याही कानातली तार सारखी कुरकुरत होती. काचेच्या खोलीला पेल्याचे दृश्य हवे होते, आणि ऊन कलते असतानाच हवे होते. लोरिमरने शाहेरच्या कानाशी लागून सांगितले, की पाशांना एक घोट घ्यायला सांग; बाकीचे विधी सावकाश होऊ देत, आपण नंतर जोडून घेऊ.

शाहेर पेचात पडला. नाही म्हणावे, तर वाहिनी उठून जाईल. वाहिनी गेली, की पाशांचा गुडघा पुन्हा दुखेल, आणि सूर्यास्ताला वेळ उरला नव्हता. त्याने मधला मार्ग काढला. जगातील बहुतेक अनर्थ मधल्या मार्गानेच येतात. तो वाकून पाशांना म्हणाला, "पाशा, पेला नुसता उचला. प्यायचा नाही. नुसता उचलून पुन्हा ठेवा."

पाशांनी पेला उचलला आणि उजवी बाजू पुढे केली. कॅमेऱ्यामागून लोरिमरने हात हलवून खूण केली, आणखी वर, आणखी. आयुष्यभर शिस्त पाळलेल्या त्या वृद्ध सैनिकाला समोरून आलेली आज्ञा मोडण्याची सवय नव्हती. पेला ओठांशी गेला, आणि पाशा एक घोट प्यायले.

तंबूत एवढी शांतता पसरली की कढईचे रटरटणे ऐकू येऊ लागले. जपमाळा बोटांतच थांबल्या. पाशांनी पेला खाली ठेवला, आणि तेव्हा कोठे आपण काय केले हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांचा चेहरा उजवीकडूनही म्हातारा दिसू लागला.

"हाज," ते म्हणाले, "ते कॅमेऱ्यासाठी होतं."

"पाहिलं मी, पाशा," हाज मुतलक अगदी सौम्यपणे म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही माझ्याकडे आला आहात."

मग त्यांनी मुलांकडे वळून सांगितले, "पाहुण्यांची कॉफी झाली. ताटं घ्या."

इतके अगत्याचे आणि इतके भयंकर वाक्य शाहेरने जन्मात ऐकले नव्हते. मागणे जन्मण्यापूर्वीच मेले होते. लोक जागचे हलेनात. ताटे मात्र आली. लोरिमरने काय झाले ते विचारले, शाहेरने सांगितले. लोरिमर क्षणभर खरोखर खिन्न झाला, आणि दुसऱ्या क्षणी कॅमेरा घेऊन तंबूबाहेर धावला. मावळत्या सूर्याची जेमतेम काही मिनिटे उरली होती. तंबूकडे पाठ करून तो उभा राहिला आणि जगाला सांगू लागला की, आशा संपली आहे.

तंबूत कोणाच्या तरी मोबाइलवर तो दिसत होता. कापडाच्या बाहेर लोरिमर स्वतः बोलत होता, आणि आत मोबाइलवर तोच क्षणभराने पुन्हा बोलत होता. हाजनी शाहेरला जवळ बोलावले.

"काय म्हणतायत रे तुझे लोक?"

"म्हणतायत, बोलणी फिसकटली. दोन देशांच्या भांडणात तुमच्या मुलाचा बळी गेला."

"आणि मुलाचं नाव?"

शाहेरने ऐकले. काचेच्या खोलीतले पंडित तीन सामुद्रधुन्यांची नावे घेत होते.

"नाव नाही घेतलं, काका."

"सात महिन्यांत एकदाही नाही घेतलं," हाज म्हणाले. "मी रोज बघतो. टँकरच्या कारखान्याचं घेतात. आज पाशाही आले, पाऊण तास बोलले. त्यांच्या घोड्याचंसुद्धा नाव कळलं मला."

त्या वाक्यात राग नव्हता. राग असता तर शाहेरला ते सोसले असते. त्याने कानातली तार ओढून काढली आणि खिशात कोंबली. नव्या पेल्यात कॉफी ओतून घेतली, हाजसमोर गुडघ्यांवर बसला आणि पेला जमिनीवर ठेवला. पाशांसह सारा तंबू पाहत होता.

"काका, मी वाहिनीच्या गाडीतनं आलो, तेव्हा माझ्या मागण्याला किंमत नाही, हे मला ठाऊक आहे. पाशांना कॅमेऱ्याचं आमिष मीच दाखवलं. पेला उचलायलाही मीच सांगितलं. आता मी फिद्दाचा भाऊ म्हणून बसलोय. तुमचा सत्ताम आमच्या खलफच्या हातनं गेला. सत्ताम माझ्या वर्गात होता. गणितात कच्चा होता, आणि खलफची उत्तरं बघून लिहायचा. खलफचीही चुकायची, म्हणून दोघं एकाच बाकावर उभे राहायचे."

तंबूत कोठेतरी कोणीतरी हसले आणि लगेच रडले.

"मला म्हणायचा," हाज मुतलक म्हणाले, "की मास्तर मुद्दाम नापास करतात."

"करत नव्हतो, काका."

"माहीत आहे रे. सही मीच करायचो ना निकालाच्या कागदावर."

बाहेर लोरिमरचा आवाज चढत होता. मग हाजनी वाकून शाहेरच्या पुढ्यातला पेला उचलला आणि त्यातली कॉफी वाळूवर ओतून दिली. हेही मागणे फेटाळले गेले, असे शाहेरला वाटले. पण हाजनी सुरई मागवली आणि स्वतःच्या हाताने त्याच पेल्यात नवी कॉफी ओतली.

"मागणाऱ्याला थंड कॉफी देऊ नये," ते म्हणाले. "अल्लासाठी सोडलं, आणि या तंबूत बसलेल्यांसाठी सोडलं. मला भरपाई वगैरे काही नको. खलफनं एकदा येऊन कबरीपाशी बसावं, आणि त्याचं नाव घ्यावं. पी, शाहेर. पी तुझी कॉफी."

शाहेर प्यायला. जीभ भाजली, आणि ते त्याला बरे वाटले. दीडशे कंठांतून एकदम आशीर्वादाचा घोष उठला. क्षमा करणाऱ्याच्या सन्मानार्थ तेथे पांढरे निशाण उभारतात. हाजच्या पुतण्यांनी ते काठीला बांधून तंबूच्या माथ्यावर चढवले.

लोरिमर अजूनही पाठ करून उभा होता. मागचा घोष जगाने ऐकला, आणि काचेच्या खोलीतल्या पंडितांनी तो संतापाचा असल्याचे तत्काळ ओळखले. मग त्याच्या खांद्यावरून निशाण वर गेले. ते पाहून पंडितांना आनंद आवरेना. एका बाजूने शरणागती पत्करली होती. कोणत्या, एवढेच ठरायचे होते. अर्ध्या तासात एका राजधानीने विजयाचे श्रेय घेतले आणि दुसरीने पराभवाचा इन्कार केला. लोरिमर आत आला तेव्हा मन्सफची ताटे अर्धी झाली होती. त्याने विचारले की, माझे काही हुकले तर नाही? पाशांनी त्याला शेजारी बसवून घेतले आणि मटणाचा उत्तम तुकडा त्याच्या पुढे सरकवला. त्या दिवशी त्यांनी केलेले तेवढे एक काम निर्दोष होते.

निघताना शाहेरने हाजना विचारले, की बहिणीच्या अंजिराला पाणी कोण घालते. हाज फिद्दाच्या कुंपणाच्या दिशेने पाहत म्हणाले, "झाडाचा काय अपराध?" आणि आत गेले.

शाहेरने तेथूनच बहिणीला फोन लावला. समेट झाल्याचे तिला सांगितले. फोन सासूच्या कानाशी नेल्याचा खसखसाट तेवढा ऐकू आला.

"आई," शाहेर म्हणाला, "अंजिराला पाणी घातलंय."

"माहीत आहे रे," म्हातारी वैतागून म्हणाली. "ही रोज सांगते की."

ज्याने क्षमा केली त्याच्या अंगणात पाणी कधी आटू नये. ज्याला ती मिळाली त्या खलफला कबरीपाशी बसण्याचे धैर्य लाभो, आणि म्हातारीला तिच्या अंजिराची सावली. पाशांचे गुडघे बरे राहोत. आणि जे दूर देशी पाठ करून आमच्या कथा सांगतात, त्यांनाही ईश्वर कधीतरी मान वळवून मागे पाहण्याची सद्बुद्धी देवो.